लाल-हिरवं व्हायलंय

डिसेंबरचा मध्य, रात्रीचे पावणेनऊ. औसा तालुक्यातून फोन आला. एके काळचा विद्यार्थी, आता चाळिशीचा. या आठवड्यात त्याच्या शिवारात रात्रीची लाईट आहे, म्हणून हरभऱ्यातले स्प्रिंकलरचे पाइप बदलायला आलेला.

"सर, झोपलाव का? एक सांगा बरं. उगवतीच्या अंगाला, जरा दक्षिणेकडं, एक दिवा हाय. लाल व्हायलंय, हिरवं व्हायलंय, मधीच निळं. इमान म्हणावं तर हलंना. ड्रोन हाय का वो?"

मी विचारलं, जमिनीपासून किती वर आहे? हात लांब करून मूठ धर. म्हणाला, एक मूठ. त्याच्या वर, डाव्या अंगाला, एका रेघेत तीन तारे आहेत का? म्हणाला, "तिकांडं? हाय की." मग त्या तिकांड्याची रेघ खाली ओढ. कुठं येते?

तिकडं थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग, "त्याच्यावरच यायलीय."

तो व्याध. आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. डिसेंबरच्या मध्यावर लातूरकडं तो रात्री आठच्या सुमाराला उगवतो, म्हणजे त्यानं फोन केला तेव्हा उगवून पाऊण तास झाला होता. "ह्योच व्हय त्यो, गोष्टीतला?" त्यानं विचारलं. सहावीच्या वर्गात सांगितलेली गोष्ट त्याला आठवत होती: पळणारं हरीण, त्याच्या मागं लागलेला व्याध, हरणाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण. बाण त्याला रोज दिसत होता, फक्त तो सोडणारा ओळखीचा नव्हता.

*

असे फोन मला वर्षाला बरेच येतात. नोकरीची निम्मी वर्षं नांदेडात गेली, निम्मी लातूर जिल्ह्यात, त्यामुळं दोन्हीकडून येतात. प्रश्न जवळजवळ एकच असतो: रंग बदलणारा दिवा कसला? उत्तरं मात्र पाच-सात आहेत. ती इथं जमेल तशी टिपून ठेवतोय.

*

मृग म्हटलं की आपल्याकडं पाऊस. ७-८ जूनला मृग निघतो, पेरणीची घाई सुरू होते, पंचांगात त्याचं वाहन बघितलं जातं. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, हस्त ही नावं शाळेत न गेलेल्या माणसालाही ओळीनं पाठ असतात. पण जूनमध्ये मृग आकाशात दिसतच नाही. सूर्यच त्या भागात असतो, म्हणून तर त्या दिवसांना मृग म्हणायचं. रात्री मृग बघायचा तर हिवाळा पाहिजे, हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस पाहिजेत. त्यामुळं होतं असं, की पावसाचं नाव एकीकडं राहतं आणि तारे दुसरीकडं. वर्षानुवर्षं नक्षत्रांवर शेती करणारा माणूस डोक्यावरचा मृग बघतो आणि त्याला नाव माहीत नसतं. माझ्या मते शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला सगळ्यांत आधी जोडायची गोष्ट ही. नवं काही शिकवायचं नाही, माहीत असलेलं नाव दिसणाऱ्या ताऱ्याशी जोडून द्यायचं.

*

रंग का बदलतात, हे सांगताना मी गुऱ्हाळाचं उदाहरण देतो. लातूरकडच्या माणसाला ते लगेच पटतं. चुलवाण पेटलेलं असतं, काहिलीतला रस उकळत असतो, आणि धगीच्या पलीकडं उभा असलेला माणूस हलताना दिसतो. माणूस जागचा हललेला नसतो. मधली हवा कमी-जास्त तापलेली असते, आणि प्रत्येक थरातून येताना उजेड थोडा वाकतो.

आकाशात तेच होतं, फक्त धग नसते. रात्री जमीन निवते, वर वारा असतो, गार-उबदार हवेचे पट्टे एकमेकांतून सरकत असतात. ताऱ्याचा किरण त्यांतून येताना कधी डोळ्याकडं गोळा होतो, कधी भलतीकडं जातो. आपल्याला तारा लुकलुकताना दिसतो. त्यात रंगांची आणखी एक गोष्ट आहे. हवा निळा उजेड तांबड्यापेक्षा थोडा जास्त वाकवते. तारा क्षितिजाजवळ असला की त्याचे निळे, हिरवे आणि तांबडे किरण हवेतल्या जराशा वेगवेगळ्या वाटांनी डोळ्यापर्यंत येतात. एका क्षणी तांबडी वाट मोकळी, हिरवी अडलेली. पुढच्या क्षणी उलट. सेकंदात असं कितीतरी वेळा होतं, म्हणून रंग पेटल्या-विझल्यासारखे वाटतात.

डोक्यावरच्या ताऱ्याचा उजेड जितक्या हवेतून येतो, त्याच्या जवळजवळ ३८ पट हवा क्षितिजाला टेकलेल्या ताऱ्याच्या वाटेत असते. एक मूठ वर आला तरी साडेपाच पट. म्हणून उगवताना पेटलेला व्याध मध्यरात्रीनंतर दक्षिणेला साडेपाच मुठी वर गेला, की बराच शांत होतो. औशाच्या त्या शेतकऱ्याला मी सांगितलं होतं, दीड वाजता पाइप बदलायला उठशील तेव्हा परत बघ. त्यानं बघितलं. सकाळी फोन करून म्हणाला, "पांढरा झालता वो. निवांत."

*

व्याध मुळात पांढरा आहे, किंचित निळसर. पृष्ठभागाचं तापमान सुमारे १०,००० अंश. सगळे रंग त्याच्या उजेडात भरपूर असल्यामुळं हवेला फोडायला सगळेच मिळतात. ज्येष्ठा किंवा रोहिणी मुळातच तांबूस, त्यांच्यात निळा कमी. त्याही क्षितिजाजवळ लुकलुकतात, पण हा असला रंगांचा खेळ त्यांना जमत नाही.

व्याधाचं अंतर ८.६ प्रकाशवर्षं. म्हणजे आज दिसणारा त्याचा उजेड निघाला, तेव्हा आत्ता तिसरीत असलेलं पोर नुकतंच जन्माला आलेलं होतं. मुलांना आकडा सांगितला तर ती लिहून घेतात. असं सांगितलं तर वर बघतात.

*

ग्रह लुकलुकत नाहीत, हे आपण चौथी-पाचवीत पाठ करतो. कारण सहसा कुणी सांगत नाही. तारा इतका दूर आहे की दुर्बिणीतूनही त्याचा ठिपकाच राहतो. ठिपक्याचा किरण म्हणजे एकच बारीक धागा. हवेनं तो हलवला की सगळाच तारा हलतो. गुरू मात्र छोटीशी चकती आहे. डोळ्याला तीही ठिपक्यासारखीच दिसते, पण व्याधाच्या मानानं हजारो पट मोठी. चकतीच्या एका टोकाचा उजेड कमी झाला, तर दुसऱ्या टोकाचा वाढलेला असतो. गोळाबेरीज सारखीच राहते.

१० जानेवारी २०२६ ला गुरू सूर्याच्या बरोबर समोर होता, मिथुन राशीत. त्या महिनाभरात पूर्वेकडं दोन मोठे दिवे एकाच वेळी दिसायचे: डावीकडं वर गुरू, उजवीकडं खाली व्याध. गुरू जास्त तेजस्वी, तरी फोन सगळे व्याधासाठीच आले. स्थिर दिव्याची कुणाला धास्ती वाटत नाही.

*

शुक्राबद्दल एवढं पक्कं ध्यानात ठेवावं: मध्यरात्री शुक्र दिसत नाही. तो सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा लांब जातच नाही. संध्याकाळी असला तर सूर्य मावळल्यावर साडेतीन तासांच्या आत पश्चिमेला बुडतो, पहाटे असला तर सूर्याच्या पुढं तेवढाच वेळ उगवलेला असतो. रात्री बाराला डोक्यावर काही चमकत असेल तर ते दुसरं काहीतरी आहे. बुडायच्या वेळी मात्र शुक्रही तांबडा होतो, थरथरतो, कधी कधी रंगही दाखवतो. क्षितिजाजवळची हवा ग्रहालाही सोडत नाही.

*

१९९३.

३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं झोपली होती. लातूर-उस्मानाबादच्या गावांत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. माती-दगडाच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, त्याखाली झोपलेली. आमचं गाव त्या पट्ट्याच्या कडेला. भिंती पडल्या, माणसं वाचली. पण त्यानंतर कितीतरी दिवस छपराखाली झोपायला कुणी तयार होईना. पाऊस आला की पत्र्याखाली जायचं, उघडलं की पुन्हा बाहेर. म्हातारी, लेकुरवाळ्या, सगळे अंगणात नाहीतर शेतात.

पहिले आठ-दहा दिवस चांदणं होतं. मग अंधाऱ्या पहाटा आल्या. घटस्थापनेच्या आधीची गोष्ट. चारच्या सुमाराला एक बाई ओरडली. दक्षिणेला, झाडाच्या शेंड्याजवळ एक दिवा पेटल्यासारखा होत होता, लाल, पांढरा, हिरवट. किल्लारी आमच्या दक्षिणेला. कुणी म्हणालं, जमिनीतून जाळ निघतोय. त्या दिवसांत असं म्हणायला कुणाला कारण लागत नव्हतं. चारची वेळ जवळ आली की गाव आपोआप जागं होत होतं. पोरं रडायला लागली.

आबा उठले. माझे वडील. त्यांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "अगस्ती हाय त्यो. पाऊस सरला." परत आडवे झाले.

त्या एका वाक्यानं सगळे गप्प झाले. मी तेव्हा विज्ञानाचा शिक्षक होतो, बी.एस्सी., बी.एड. झालेलो. आणि तो तारा मला ओळखता आला नव्हता. मी आकाश शिकायला लागलो तो त्या पहाटेपासून.

*

अगस्त्य हा तेजात दुसऱ्या क्रमांकाचा तारा. लातूरहून तो कितीही वर आला तरी १९ अंशांच्या वर जात नाही, म्हणजे जेमतेम दोन मुठी. त्यामुळं तो सदा जाड हवेतून दिसतो आणि जवळजवळ सदाच लुकलुकतो. व्याध निदान वर जाऊन निवांत होतो, अगस्त्याला ती सोय नाही. डिसेंबरच्या मध्यावर व्याधानंतर तासाभरानं, नऊच्या सुमाराला तो आग्नेयेला उगवतो. पुढं दोघंही वीस मिनिटांच्या फरकानं दक्षिण ओलांडतात, आधी अगस्त्य, मग व्याध.

आबांचं वाक्य वराहमिहिराच्या काळाइतकं तरी जुनं आहे. बृहत्संहितेत अगस्त्याच्या उदयावर आख्खा अध्याय आहे. पावसाळ्याच्या अखेरीला तो पहाटेच्या उजेडाआधी दिसायला लागतो, आणि मग पाणी निवळतं असं आपल्याकडं मानतात. तारा पाणी निवळत नाही. पण त्याचं दिसणं आणि पावसाचं सरणं एकाच दिवसांत येतं, आणि शेतकऱ्याला तेवढी खूण पुरते.

*

नांदेडची एक मुलगी शिकायला लंडनला गेली. पहिल्याच हिवाळ्यात तिचा निरोप आला: सर, इथं व्याध रात्रभर रंग बदलतो, वर आला तरी शांत होत नाही. बरोबर आहे. लंडनहून तो क्षितिजापासून २२ अंशांच्या वर जातच नाही. आपल्याकडं ५५ अंशांपर्यंत चढतो. अगस्त्य तर तिला दिसणारच नाही, तो तिथं कधीच उगवत नाही. सुट्टीला आली की रात्री गच्चीवर नेऊन दाखवायचं कबूल केलंय.

*

कोजागरी. गच्चीवर दूध आटतंय. साडेदहा-अकराला ईशान्येकडं, लांबच्या इमारतींच्या वर एक दिवा लाल-हिरवा होतो, आणि कुणीतरी विचारतंच. तो ब्रह्महृदय. पौर्णिमेचं चांदणं असल्यामुळं आजूबाजूचे बारके तारे बुजलेले असतात, हा एकटा उरतो, म्हणून जास्त डोळ्यांत भरतो. अंतर सुमारे ४३ प्रकाशवर्षं.

*

नांदेडकरांसाठी एक खास गोष्ट. नांदेडचं अक्षांश १९ अंश ९ मिनिटं. स्वाती या ताऱ्याची आकाशातली जागाही जवळजवळ त्याच रेषेवर आहे. फरक चंद्राच्या रुंदीच्या पाव हिश्श्याहूनही कमी. म्हणजे स्वाती नांदेडच्या अगदी डोक्यावरून जाते. मेच्या मध्यावर रात्री अकराच्या सुमाराला गच्चीवर पाठ टेकून झोपावं आणि सरळ वर बघावं. जो नारिंगी तारा दिसेल तो स्वाती. गोदाकाठच्या त्या उकाड्यात लोक गच्चीवर झोपतातच, वेगळं काही करावं लागत नाही.

लुकलुकण्याची सगळी परीक्षा या एका ताऱ्यावर करता येते. मार्चच्या मध्यावर रात्री नऊ-साडेनऊला हीच स्वाती पूर्वेला खाली असते आणि तिच्यातून तांबडी-हिरवी किरणं फुटतात. त्याच रात्री पहाटे तीनच्या सुमाराला ती डोक्यावर येते आणि नारिंगी, स्थिर दिसते. मी नववीच्या मुलांना दोन ओळी लिहून आणायला सांगायचो, एक नऊची, एक तीनची. तीनला उठणारी मुलं थोडी असायची. जी उठायची त्यांना पुढं काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

*

जून-जुलै २०२४. जालना, बीड, छत्रपती संभाजीनगरकडच्या गावांतून रात्री ड्रोन फिरतात अशी बोलवा उठली. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटी गावावरच्या ड्रोनचा विषय विधिमंडळातही निघाला. काही ठिकाणी ड्रोन असतीलही. लग्नात, जमिनीच्या मोजणीत, फवारणीत आता ते सर्रास वापरतात. पण ती बोलवा आमच्याकडं पोचली तेव्हा गावोगाव माणसं काठ्या घेऊन जागायला लागली, आणि त्या पंधरवड्यात मला आलेले फोन मी एकेक करून ताडून बघितले. दक्षिणेला अर्ध्या आकाशात तांबडा दिवा: ती ज्येष्ठा, जुलैच्या सुरुवातीला सव्वादहाला तिथंच असते. "ढगाआड लपतो आणि पळत सुटतो" असा दिवा: ढग पळत होते, तारा जागेवर होता. चालत्या एसटीतून बाहेरची झाडं पळताना दिसतात, तसंच.

अंधारात एकट्या ठिपक्याकडं टक लावून बघत राहिलं की तो हलल्यासारखा वाटतो, हेही त्यात मिसळतं. डोळ्याला ताडून बघायला शेजारी काही नसतं. म्हणून मी सांगतो, लाईटचा खांब नाहीतर लिंबाची फांदी धरा, दिवा तिच्या कडेला आणा आणि डोकं न हलवता दहा मिनिटं थांबा. तारा दहा मिनिटांत अडीच अंश सरकतो, साधारण हात लांब करून धरलेल्या दीड-दोन बोटांएवढा, तोही ठरलेल्या दिशेनं. साध्या ड्रोनची बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास उतरते, आणि जवळ असला तर भुणभुण ऐकू येते. तासभर एका जागी, न आवाज करता जळणारा दिवा ड्रोन नाही.

याचा आग्रह मी का धरतो, तेही लिहितो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच माणसांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागून जगणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. तिथं आकाशातल्या दिव्याचा काही संबंध नव्हता. पण जागं, घाबरलेलं, काठ्या घेतलेलं गाव काय करू शकतं ते आपण बघितलं आहे. अशा गावात रात्री कुणी परका वाटसरू येऊ शकतो. ज्येष्ठेला ज्येष्ठा म्हणणं त्याच्याही जिवासाठी आहे.

*

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला विदर्भ-मराठवाड्याच्या बऱ्याच भागांतून लोकांनी आकाशात जळते तुकडे बघितले. एकामागोमाग एक, तांबूस-पिवळे, शेपट्या सोडत, आकाश ओलांडून गेलेले. उल्का म्हणावी तर फार सावकाश. उल्का एक-दोन सेकंदांत विझते, हे बराच वेळ चाललं होतं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. पुढं त्याच भागात धातूचे पोकळ गोळे मिळाले. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडोवेल यांनी ते २०२१ च्या फेब्रुवारीत सुटलेल्या चीनच्या 'चांग झेंग ३ बी' रॉकेटचा तिसरा टप्पा असल्याचं सांगितलं. इंधन संपलेला तो टप्पा वर्षभर फिरत राहिला आणि शेवटी वातावरणात शिरून तुटला.

सावकाश का? उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं येते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू आठेक किलोमीटरनं, आणि ती तिरपी, जवळजवळ आडवी येते. सावकाश, आडवं आणि तुकड्या-तुकड्यांनी जळताना दिसलं, तर ते बहुतेक माणसानं पाठवलेलं असतं.

*

विमानाची खूण सोपी. डाव्या पंखाला तांबडा दिवा, उजव्याला हिरवा, शिवाय लखलख करणारे पांढरे. तांबडा तुमच्या डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला दिसला तर विमान तुमच्यापासून लांब चाललंय. उलट दिसले तर तुमच्याकडं येतंय. सरळ अंगावर येणारं विमान मिनिटभर जागचं हलत नाही असं वाटतं, म्हणून नांदेडच्या विमानतळाच्या आसपास राहणारेही कधी कधी फसतात. थोडं थांबलं की ते वळतं.

टॉवरचे आणि पवनचक्क्यांचे तांबडे दिवे ठरलेल्या ठेक्यात लागतात-विझतात. ताऱ्याच्या लुकलुकण्याला ठेका नसतो.

*

मोबाईलवर काढलेले व्हिडिओ येतात. "सर, हे बघा, गोल फिरायलंय, रंग बदलायलाय." झूम वाढवला की मोबाईलचा फोकस सुटतो आणि ठिपक्याचा फुगीर गोल होतो. व्याधाचे रंग त्या गोलात पसरून पाण्यावरच्या तेलासारखे फिरतात. व्हिडिओ खोटा नसतो, त्यात लेन्सचं काम मिसळलेलं असतं. मी त्यांना म्हणतो, मोबाईल खिशात ठेवा आणि नुसत्या डोळ्यांनी काय दिसतंय ते सांगा. त्यावरून ओळख पटते.

*

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवरून जातं, पृथ्वीला फेरी दीड तासात. संध्याकाळी किंवा पहाटे दिसतं, कारण आपल्याकडं अंधार असतो आणि वर त्याच्यावर अजून ऊन असतं. लुकलुकत नाही, आवाज नाही, चार-सहा मिनिटांत आकाश ओलांडतं. मध्येच पृथ्वीच्या सावलीत शिरलं, तर नारिंगी होत होत विझतं. तो विझण्याचा क्षण पहिल्यांदा बघणाऱ्याला दचकवतो. खरं तर तिथं सूर्यास्त झालेला असतो. आणि एका ओळीत माळेसारखे तीस-चाळीस दिवे सरकताना दिसले, तर ते नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे उपग्रह.

*

आई सप्तर्षींना कधी सप्तर्षी म्हणाली नाही. तिचं ते खाटलं. चार तारे म्हातारीच्या खाटल्याचे चार खूर, मागचे तीन म्हणजे चोर. खाटलं कुठं कललंय त्यावरून ती रात्र मोजायची आणि दळायला उठायची. तिला ध्रुवही माहीत होता, "न हलणारा" म्हणून. लातूरहून तो साडेअठरा अंशांच्या आसपास दिसतो, जेवढं गावाचं अक्षांश तेवढाच वर. हे तिला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग प्रत्येक गावाचा ध्रुव येगळा म्हण की." इतकं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं.

*

जयंत नारळीकर २० मे २०२५ ला गेले. त्यांचं 'आकाशाशी जडले नाते' हे पुस्तक आमच्या शाळेच्या कपाटात होतं. आठवीतला एक मुलगा ते पुन्हा पुन्हा घरी न्यायचा. अवघड विषय साध्या मराठीत लिहिता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं, आणि मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरापर्यंत ते पोचलं. मी त्यांचा ऋणी आहे.

*

नांदेडच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो इंडिया' उभं राहणार आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात. दूरवर कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाला जी थरथर सुटते, ती मोजायची. तिथं उजेड बघायचाच नाही. ज्योतिर्लिंगाला जाणाऱ्या वाटेवर जगातलं इतकं नाजूक यंत्र येतंय. त्याच वाटेवरच्या गावांतल्या मुलांना व्याध ओळखता यावा, असं मला फार वाटतं.

*

गेल्या आठवड्यात एक फोन आला, त्याचं उत्तर मला देता आलं नाही. "परवा रात्री काहीतरी चमकलं वो." किती वाजता? "जेवण झाल्यावर." कुठं? "वर." किती वेळ? "बघितलं आन् आत आलो." एवढ्यावर कुणालाच काही सांगता येणार नाही.

*

म्हणून वाचणाऱ्यांना एवढी विनंती. रंग बदलणारा दिवा दिसला तर गावच्या ग्रुपवर टाकायच्या आधी चार गोष्टी कागदावर लिहा: किती वाजता, कोणत्या दिशेला, जमिनीपासून किती मुठी वर, आणि खांबाच्या कडेला धरून दहा मिनिटांत किती सरकला. दुसऱ्या रात्री चार मिनिटं आधी त्याच जागी उभे राहा. दिवा तिथंच असेल तर तो तारा आहे. मग तुमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना फोन करा. रात्रीचे दहा वाजले असले तरी करा.